वगळलेला इसम

२ सप्टेंबर, सोमवार

आज पुन्हा मला मोजलं!

सकाळी वाचनकक्षाचे पंखे लावतोय तोच एक मुलगी आली. पाठीवर पिशवी, हातात पट्टे आणि तारा. "काका, जरा चालून दाखवाल का?" म्हटलं, "कुठे जायचंय?" "कुठेच नाही हो. नुसतं चालायचं. या टोकापासून त्या टोकापर्यंत." मग घोट्यांना आणि मनगटांना पट्टे बांधून मला व्हरांड्यातून हिंडवलं, बाजारात विकायला आणलेल्या बैलासारखं. फक्त दात तेवढे बघितले नाहीत.

ती यंत्रशाळेत संशोधन करते. निरोगी, मध्यमवयीन माणसं कशी चालतात ते मोजायचं आणि यंत्राला तसं चालायला शिकवायचं. माणसं यंत्रासारखी चालायला लागलीत, त्यावर कोणता विभाग काम करतो ते विचारायचं राहिलं.

तिने नाव सांगितलं, पण मी मनात चालबाई असंच ठेवलं.

घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, "भाजी आणायला चला म्हटलं की गुडघे दुखतात. तिथे तारा बांधून फुकट फिरता!"

४ सप्टेंबर, बुधवार

हे लोक मलाच का धरतात, याचा आज विचार केला. वाचनकक्ष सांभाळणारा माणूस खुर्चीत हमखास सापडतो. नाही म्हणत नाही. शिवाय पन्नाशीला टेकलेला, गावच्या शाळेत शिकलेला, सर्दी-पडशाखेरीज आजार नसलेला. थोडक्यात काय, विद्यापीठातला एकमेव साधा माणूस!

बाकी सगळे विद्वान. रोज माझ्या टेबलावरून प्रबंध जातात, मी त्यांच्या पाठीवरची नावं वाचतो. गोगलगाईच्या शंखाचं वळण एकाच बाजूला का. तीनशे वर्षांपूर्वी मिठावरचा कर कसा वसूल करत. रांगेत मध्येच घुसणाऱ्याला मागचे लोक काय काय म्हणतात — हा प्रबंध मी आतून पाहिला, परिशिष्ट वाचवत नाही. एका भाषेवर जाडजूड ग्रंथ आहे. ती भाषा बोलणारी एकच म्हातारी उरली होती आणि बोलायला समोर कोणी नाही म्हणून ती गप्प असायची. गणित विभागातल्या एका गृहस्थांनी उभी हयात घालवून सिद्ध केलं की अमुक एक संख्या कधीच सापडणार नाही. त्यांचा सत्कार झाला. मला घरात चष्मा सापडत नाही, तेव्हा कोणी हार घालत नाही.

थट्टा करतो खरा, पण मनातून मला हे आवडतं. देवाने गोगलगाय केली, तर तिच्या वळणाकडे टक लावून बघणारा कोणीतरी हवाच. तीही एक पूजाच झाली.

गंमत एवढीच की गोगलगाईवाला आणि मिठाचा करवाला रोज एकाच जिन्याने चढतात, आणि एकमेकांना ओळखत नाहीत. हे सगळे एका छपराखाली येतात ती जागा एकच — माझा वाचनकक्ष. आणि तिथे पाटी लावलीय, 'शांतता राखा'. ती शांतता राखायचा मला पगार मिळतो!

९ सप्टेंबर

आज नाकाची पाळी. अन्नशास्त्राचे एक सर आहेत, त्यांना मी वासवाले सर म्हणतो. त्यांनी झाकणवाले पेले ओळीने मांडले होते. हुंगायचं आणि कसला वास ते लिहायचं. मला सगळ्यांत पाणीच वाटलं. पण सगळीकडे 'पाणी' लिहिणं बरं दिसेना — माणसाने एवढी तयारी केलेली. मग अंदाजाने गुलाब, लिंबू, चंदन असं लिहिलं.

गुलाबाच्या पेल्यात रॉकेल होतं.

सर म्हणाले, "सर्दी झालीय का तुम्हाला?"

"नाही सर."

"असणार. आतल्या आत असते." आणि वहीत लिहून टाकलं — 'सर्दीमुळे वगळले.'

येताना दोनदा नाक शिंकरून बघितलं. कोरडं ठणठणीत!

१३ सप्टेंबर, शुक्रवार

हिचं टुमणं पुन्हा सुरू. आता तर यादीच पाठ झालीय.

"तुम्ही हल्ली हसत नाही. बोलता ते शेजारच्या माणसाला ऐकू जात नाही. काल झोपेत मला लाथ मारलीत, वर ओरडलात. शर्टाची बटणं लावता लावता सकाळची दुपार होते. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे चला."

म्हटलं, "अगं, अख्खं विद्यापीठ मला वरपासून खालपर्यंत तपासतंय. कोणी नाक बघतं, कोणी पाय. एवढ्या विद्वानांना काही दिसत नाही आणि कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना दिसणार?"

"ते तुम्हाला तपासतात होय? ते त्यांचं काम करतात!"

शेवटी करार झाला. पुढच्या महिन्यात संशोधन मेळावा आहे, तिथे सगळ्यांचे निष्कर्ष लागतील. एकाने जरी माझ्यात खोट काढली, तर मी मुकाट्याने डॉक्टरांकडे जायचं. नाही काढली, तर हिने हा विषय सोडायचा.

ही म्हणाली, "आणि तोवर लाथा मी खायच्या ना?"

१८ सप्टेंबर, बुधवार

कला विभागातला एक दाढीवाला मुलगा संगणकासाठी नवीन अक्षर घडवतोय — सामान्य माणसाच्या हाताचं वळण असलेलं. सामान्य माणूस म्हटल्यावर अर्थातच मी! एका कागदावर तेच वाक्य पुन्हा पुन्हा लिहायला लावलं.

लिहिताना गुरुजी आठवले. आमच्या गावच्या शाळेत एक खोली, एक गुरुजी आणि चार इयत्ता. पहिलीत बसून मी चौथीचा भूगोल ऐकला, चौथीत बसून पहिलीची बाराखडी पुन्हा ऐकली. कोणता विषय कुठे संपतो ते कधी कळलंच नाही. गुरुजी म्हणायचे, "अक्षर टपोरं काढ रे, दाराबाहेरून जाणाऱ्याला वाचता आलं पाहिजे."

दाढीवाला कागद उलटसुलट करत राहिला. "काका, ओळ सुरू होते तेव्हा अक्षर छान आहे. शेवटाकडे बारीक होत होत मुंगी होतंय. कागद वाचवायची सवय आहे का?"

म्हटलं, "असेल. लहानपणी पाटी लहान होती."

त्याला हे उत्तर फार आवडलं. 'बालपणीच्या टंचाईचा परिणाम' असं लिहून घेतलं आणि मला वगळलं.

२० सप्टेंबर

संगणकवाल्यांनी वाचनकक्षाच्या दारात यंत्र बसवलंय. ते चेहरा बघून माणूस आनंदी की दुःखी ते सांगतं. मी समोर उभा राहिलो. यंत्राने बराच विचार केला. मग पडद्यावर आलं — 'कृपया व्यक्तीने समोर उभे राहावे.'

उभाच होतो की!

२४ सप्टेंबर, मंगळवार

चालबाई पुन्हा आली. चेहरा पडलेला. म्हणाली, "काका, तुमचा डावा हात हलतच नाही. चालताना उजवा पुढेमागे होतो, डावा नुसता लोंबतो. सगळ्या आलेखात तुमची एकट्याची रेघ सपाट! मला वाटलं, तारच तुटली."

म्हटलं, "जन्मभर त्या बगलेत पुस्तकं धरली बाई. हात विसरला असेल हलायचं."

"तसंच असणार. सर म्हणाले, अपवाद म्हणून वगळ. तुम्ही काळजी नका करू हां काका — माझे बाबाही अगदी अस्सेच चालतात. एक हात खिशात असल्यासारखे. आणि ते चांगले खणखणीत आहेत."

जिवात जीव आला. तिला चहा दिला. मग ती उगाचच बोलत बसली. बाबा तिच्याशी धड बोलत नाहीत म्हणे. "नोकरी सोडून लोकांची पावलं मोजायला आले ना, म्हणून. तोंडाने रागावले असते तर परवडलं असतं. नुसते दगडासारखे बघतात. सहा महिने होत आले, मी घरी गेलेच नाही. कशाला जायचं? त्यांचं ते तोंड बघायला?"

बापलेकीच्या मध्ये कोणी पडू नये. म्हटलं, "चहा निवतोय."

२७ सप्टेंबर, शुक्रवार

आवाजाचं सांगायचं राहिलं. भाषा विभागाच्या मॅडम माझ्याकडून उतारे वाचून घेतात. ग्रामीण माणूस शहरात आल्यावर त्याचे उच्चार कसे बदलतात, हा त्यांचा विषय. पण ध्वनिमुद्रण यंत्रात माझा आवाजच उठत नाही. त्यांनी यंत्र बदललं. तेही बिघडलेलं. तिसरं आणलं, तेही तसलंच! परवा विभागाने वर अर्ज केलाय — 'सर्व यंत्रे निकामी असल्याने नवीन मिळावीत.' मिळेपर्यंत मी वगळलेला.

साहेब मात्र माझ्यावर खूश! ग्रंथालयाचा प्रमुख म्हणून सगळ्यांसमोर म्हणाले, "यांच्याकडून शिका. बोलतात ते टाचणी पडल्यासारखं. चेहऱ्यावर रेष हलत नाही. याला म्हणतात वाचनकक्षाचा माणूस!"

टाळ्या झाल्या. मी हसलो. साहेब शेजारच्याला म्हणाले, "बघा, कौतुकानेही हुरळत नाही!"

४ ऑक्टोबर

हिच्याशी वाजलं.

"डावा हात लटकतो, असं ती पोरगी म्हणाली आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"अगं, तिच्या वडिलांचाही लटकतो! ते खणखणीत आहेत."

"तिच्या वडिलांना मी ओळखत नाही. मी तुम्हाला ओळखते."

"ती शिकलेली मुलगी आहे. तिने मोजलंय."

चपातीचं पीठ मळताना ही एकदम म्हणाली, "पूर्वी तुम्ही न्हाणीघरात भजन म्हणायचात ना, तर खालचे लोक वर सांगत यायचे, आवाज कमी करा. आता मी दाराला कान लावते तरी कळत नाही, आत माणूस आहे की नळ."

यावर मला उत्तर सुचलं नाही. म्हणून रागावलो.

१२ ऑक्टोबर, शनिवार

संशोधन मेळावा! हिला घेऊन गेलो.

मोठ्या मंडपात कुलगुरूंचं भाषण — "ज्ञान एक आहे, त्याच्या सीमा माणसाने आखल्या." खूप टाळ्या. लगेच ध्वनिक्षेपकावर सूचना — "कृपया प्रत्येकाने आपापल्या विभागाच्याच मंडपात बसावे. दुसऱ्या विभागाचा अल्पोपाहार घेऊ नये."

आम्ही फलक बघत हिंडलो. ही निवांत वाचत होती. गोगलगाईपाशी बराच वेळ थांबली, म्हणाली, "सुरेख आहे हो!" गोगलगाईवाला भारावला. म्हणाला, "ताई, सकाळपासून थांबलेल्या तुम्ही पहिल्याच."

मग माझे विभाग लागले. वासाचा फलक — खाली बारीक अक्षरात, 'एक इसम सर्दीमुळे वगळला.' चालीचा — 'एक इसम अपवाद म्हणून वगळला.' अक्षराचा — 'एक इसम वगळला.' आवाजाच्या फलकावर तर मी नव्हतोच, यंत्रांची तक्रार होती.

मला वाईटही वाटलं आणि हर्षही झाला. म्हटलं, "बघ! एकानेही खोट काढली नाही. करार म्हणजे करार."

"वगळलं म्हणजे काय हो?"

"म्हणजे... हिशेबात धरलं नाही."

"तांदूळ निवडताना मी खडा वगळते. तो काय चांगला असतो म्हणून?"

शेजारी उभे असलेले वासवाले सर हसले. म्हणाले, "वहिनी, शास्त्रात तसं नसतं." ही म्हणाली, "हो का? मग जेवताना तुमच्या दातांखाली खडा येत नसेल, आमच्या येतो."

मला सहभागाबद्दल आभारपत्रं मिळाली. प्रत्येक विभागाचं वेगळं. नाव प्रत्येकाने वेगळं लिहिलंय.

१३ ऑक्टोबर

मी जिंकलो. ही बोलत नाही.

१६ ऑक्टोबर, बुधवार

रात्र बरीच झालीय. तरी लिहितो, नाहीतर झोप येणार नाही.

संध्याकाळी ही खाली गेली होती. जाताना म्हणाली, "दूध तापत ठेवलंय, लक्ष असू द्या." मी हो म्हटलं आणि आतल्या खोलीत देवापुढे बसलो. रोजची वेळ, रोजची पोथी. डोळे मिटले की माझं घड्याळ थांबतं. दूध उतू गेलं असणार, शेगडी विझली असणार — मला पत्ता नाही. पोथी संपली. दिवा लावायला काडेपेटी घेतली.

काडी ओढायला गेलो. ओढलीच जाईना. बोटं ऐकेनात. एक मोडली. दुसरी हातातून पडली. तिसरी काढतोय, तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि शेजारीण ओरडली, "भाऊजी! काडी टाका! टाका म्हणते ना!"

तिला जिन्यातून गॅसचा वास आला होता. जिन्यातून! आणि मी घरात बसलेला. खिडक्या उघडल्या, तिने शेगडी बंद केली आणि मला हाताला धरून बाहेर आणलं. ती खोकत होती. मला काहीच नाही. गुलाबसुद्धा नाही.

ही धावत वर आली. मला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार. हिने खाली वाकून जमिनीवरच्या मोडक्या काड्या गोळा केल्या आणि मुठीत धरून बसली.

मीच म्हणालो, "उद्या डॉक्टरांकडे जाऊ."

"काय म्हणालात? ऐकू आलं नाही."

आलं होतं. तरी मी पुन्हा म्हणालो.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

कोपऱ्यावरचे डॉक्टर. फळकुटाचं टेबल, भिंतीला पोपडे. मी दारातून आत येऊन खुर्चीपर्यंत पोचायच्या आत त्यांनी समोरचा कागद बाजूला ठेवला. म्हणाले, "पुन्हा एकदा बाहेर जा आणि आत या."

मग हात पुढे करायला लावले, बोटं मिटा-उघडा म्हणाले. एक ओळ लिहून घेतली. वास येतो का? झोपेत हातपाय झाडता का? आवाज बारीक झालाय का? असं वाटत होतं, हा माणूस चार विभाग कोळून प्यायलाय! प्रत्येक प्रश्नाला ही माझ्या आधी उत्तर देत होती.

म्हटलं, "डॉक्टर, हे सगळं विद्यापीठात झालंय माझं."

"असं? मग काय निघालं?"

"वगळलं."

ते हसले नाहीत. म्हणाले, "मला संशय येतोय, पण खात्री मेंदूचे डॉक्टर करतील. हात थरथरत नाहीत म्हणून घरच्यांच्या लक्षात यायला वेळ लागतो."

ही म्हणाली, "घरच्यांच्या लक्षात आलं होतं."

२१ ऑक्टोबर, सोमवार

कंपवात. कंप नाही, पण कंपवात! मेंदूचे डॉक्टर म्हणाले, असतो असाही. चेहरा आखडतो, मनात हसू असलं तरी बाहेर दिसत नाही. बरा होत नाही, पण औषधाने आवरतो. लवकर आलात हे चांगलं केलंत, अजून बरीच वर्षं कामाची आहेत. रोज चाला, हात मुद्दाम हलवा, अक्षर मोठं काढा.

"आणि मोठ्याने बोला. दिवसभर. अगदी ओरडल्यासारखं वाटलं पाहिजे, तेव्हा कुठे समोरच्याला साधं बोलणं वाटेल. काम काय करता?"

म्हटलं, "शांतता राखतो."

यावर डॉक्टर हसले आणि हीसुद्धा. किती दिवसांनी!

२२ ऑक्टोबर

सकाळी देवापुढे बसलो. रागावायचं ठरवून बसलो होतो, जमलं नाही. ज्या बोटांनी घात केला, त्याच बोटांनी त्या संध्याकाळी काडी पेटू दिली नाही. आता यावर त्याच्याशी काय भांडणार?

एक मात्र मनात आलं. देवाने माणूस अखंड केला, विद्यापीठाने त्याचे विभाग पाडले. नाक एका इमारतीत, पाय दुसऱ्या. आमच्या एकखोली शाळेत असतो, तर चौथीतल्या नाकाने पहिलीतल्या पायाचं ऐकलं असतं.

ही वाक्यं मोठ्या अक्षरात लिहितोय. पान लवकर भरतं.

२८ ऑक्टोबर, सोमवार

बातमी फुटली. ग्रंथालयात शांतता असते, गुपित नसतं.

आता सगळ्यांना मी हवा! वासवाले सर धावत आले — "तुमची ती सर्दी फार मोलाची होती हो!" दाढीवाला म्हणाला, "काका, ते मुंगीसारखं अक्षर मी फेकलं नाहीये." मॅडमना कळलं की यंत्रं चांगली होती. पण आता मागणी मंजूर झालीय, नवीन घ्यावीच लागणार.

संयुक्त संशोधन करायचं ठरलं. सगळे विभाग मिळून, माझ्यावर. पहिलीच बैठक. विषय — निबंधावर पहिलं नाव कोणाचं. वासवाले म्हणाले, आजाराची सुरुवात नाकापासून होते. मॅडम म्हणाल्या, वर्णमालेप्रमाणे घ्या. त्यांचं आडनाव 'अ'ने सुरू होतं. साहेब म्हणाले, माणूस ग्रंथालयाचा आहे.

दुसरी बैठक कुठे घ्यायची यावर अडलंय. कोणी दुसऱ्याच्या इमारतीत जायला तयार नाही.

चालबाई बैठकीला आली नव्हती. परीक्षेच्या गडबडीत आहे म्हणे.

३० ऑक्टोबर

औषध घ्यायला पेला तोंडाला लावला आणि हात तसाच राहिला.

चालबाईचे बाबा!

३१ ऑक्टोबर, गुरुवार

हिला विचारलं. "सांगू का तिला? आपण काय डॉक्टर आहोत? नसेल तसं काही, तर उगाच पोरीच्या जिवाला घोर. प्रत्येक लटकता हात म्हणजे आजार नसतो, हे मेंदूचे डॉक्टरच म्हणाले."

"आणि असेल तर?"

"तर ती म्हणेल, तुम्हीच दृष्ट लावलीत."

ही भांडी पुसत होती. म्हणाली, "तिच्या वडिलांच्या नावावर तुम्ही माझ्याशी भांडलात. तेवढं तरी त्यांचं देणं लागता."

१ नोव्हेंबर

ती समोरच्या टेबलावर दिवसभर वाचत होती. मी दोनदा उठलो. दोनदा पुस्तकं नीट लावून परत आलो.

४ नोव्हेंबर, सोमवार

आज बोललो. तिच्या टेबलापाशी जाऊन, देवाचं नाव घेऊन. हळूच सांगायला गेलो, तर आवाजच फुटेना. ती म्हणाली, "काय काका? ऐकू नाही आलं." मग डॉक्टरांनी शिकवलं तसं, पोटातून. माझा लटकता हात, तो कशामुळे, आणि तिचे बाबा. त्यांना एकदा दाखव म्हणालो, नसेलही काही. अख्खा वाचनकक्ष ऐकत होता. गोगलगाईवाला, करवाला, सगळे.

ती बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत होती. माझ्या या चेहऱ्याकडे, ज्याला यंत्राने माणूस म्हटलं नव्हतं. मग म्हणाली, "काका, तुम्ही आत्ता माझ्यावर रागावला आहात का?"

"नाही गं! मी तर हसून बोलतोय."

तिने समोरचं पुस्तक मिटलं. "म्हणजे... बाबासुद्धा?"

मला काय ठाऊक! पण मी 'शांतता राखा'च्या पाटीखाली उभा राहून ओरडलो, "घरी जा! आजच जा!" आवाज पार त्या टोकापर्यंत गेला.